ड्याशबोर्डावरचा लॅम्प

मंगळवार, ता. १० जानेवारी १८८८. कल्याण.

आजपासून रोजनिशी. निश्चय तीन. रागवायचं नाही. पहाटे उठायचं. आणि घरात कुणाला सुगावा लागू न देता माझ्या मुलाचं, आनंदाचं, दुसरं लग्न ठरवायचं.

आज गाडी घेतली. ठाण्याहून बदलून जाणाऱ्या एका साहेबाची. जुनी आहे, पण विलायती. आत दोन माणसं, पुढे गाडीवान. गाडीवानाच्या पायाशी जी उभी फळी असते तिला ड्याशबोर्ड म्हणतात, हे कल्याणात माझ्याखेरीज कुणाला माहीत असेल असं वाटत नाही. त्या ड्याशबोर्डावर मधोमध पितळी लॅम्प, रिबिटांनी पक्का ठोकलेला. पुढे काचेचं दार, आत घासलेटची टाकी, वर एवढंसं धुराडं. नुसत्या लॅम्पासाठी गाडी घ्यावी, असा लॅम्प. घोडा अजून मिळालेला नाही.

ही वही ट्रंकेत कुलपात राहील. ओसरीवर बसून लिहितो आहे. लिहिताना शब्दन् शब्द मोठ्यानं म्हटल्याशिवाय माझं अक्षर चांगलं येत नाही. कचेरीत वीस वर्षं अव्वल कारकुनी केल्यावर ही सवय लागणारच. पण बायका आत स्वयंपाकघरात असतात. तिथे काय ऐकू जाणार!

बुधवार, ता. ११ जानेवारी.

पहाटे उठलो नाही. थंडी फार.

दुसऱ्या लग्नाबद्दल माझी भूमिका इथे एकदाची स्पष्ट लिहून ठेवतो. मी सुधारक मताचा माणूस. पहिली बायको असताना दुसरी करू नये, असं ठाण्याच्या सभेत मी पाऊण तास बोललेलो आहे. पण ते भाषण होतं. इथे घराचा प्रश्न आहे. उत्तरा सून म्हणून गुणी. कामाला वाघीण, तोंडातून ब्र नाही. पण लग्नाला आठ वर्षं झाली, पाळणा काही हलला नाही. शहाडचे विश्रामपंत, लाकडाचे मोठे कंत्राटदार, त्यांची मुलगी आहे. पौष लागतो आहे, तेव्हा बोलणी माघात. पंत दिवसभर जंगलात नाहीतर वखारीत, भेटायचं तर दिवेलागणीलाच. मी आजच पत्र टाकलं, की दुरून रस्त्यावर विलायती लॅम्प झळकताना दिसला की समजा, मी आलो.

आनंदाला विचारलेलं नाही. विचारलं तर तो नाही म्हणेल, मग मला राग येईल, आणि पहिला निश्चय मोडेल.

हे लिहीत असताना दाराआड बांगड्या वाजल्या. मांजर असावं.

रविवार, ता. २९ जानेवारी.

अखेर घोडा आला. नाव ड्यूक ठेवलं. गाडीवान सहदेव, डोंबिवलीकडचा, तो त्याला गोंद्या म्हणतो आणि घोडा त्याचंच ऐकतो. दोघांनाही ताकीद दिली.

गाडी तीन आठवडे परसातल्या पडवीत पडून होती. आज धुतली. सहदेवानं दाखवलं, की लॅम्पच्या धुराड्यात कुंभारणीनं घर केलंय. ती माशी, चिमूट चिमूट माती आणून घर बांधते ती. धुराड्याचं तोंड मातीनं गच्च लिंपलेलं. सहदेव म्हणाला, काडीनं पाडू का? मी नीट पाहिलं आणि म्हटलं, मुळीच नको. वरून वारा शिरण्याची भीती होती, ती परस्पर मिटली. फुकटात बूच बसलं. तर म्हणे, मालक, मंग धूर कुठनं जाल? मी म्हटलं, लॅम्प उजेड येण्यासाठी असतो, धूर जाण्यासाठी नव्हे. तो तोंडावर मुंडासं धरून खोकू लागला.

तेवढ्यात ही धावत बाहेर. कुंभारणीचं घर मोडायचं नाही म्हणाली. ती ज्या घरी घर करते त्या घरी पाळणा हलतो. नॉन्सेन्स. पण मोडायचं नाही हा हुकूम मी आधीच दिला होता, तेव्हा वाद घातला नाही. उत्तरा दारात उभी राहून डोळे पुसत होती. तिला घासलेटचा वास सोसत नाही.

बुधवार, ता. १ फेब्रुवारी. संध्याकाळी सात.

लॅम्पची पहिली ट्रायल. दार उघडं असताना सुरेख जळतो. दार लावलं, वीस अंक मोजले, काच काळी झाली, विझला. पुन्हा लावला. पुन्हा वीस. पाच वेळा.

निष्कर्ष: दार बंद केलं तरी कुठून तरी वारा आत येतो आहे. ती वाट शोधून बुजवली की काम फत्ते. उद्या संध्याकाळपर्यंत.

गुरुवार, ता. २ फेब्रुवारी.

दाराच्या फटी गव्हाच्या खळीनं बुजवल्या. आता पंधरा अंकांत विझतो.

सहदेवावर ओरडलो. ड्यूकवर ओरडलो. शेजारच्या भाऊंनी गच्चीवरून काय झालं विचारलं, त्यांच्यावरही ओरडलो. निश्चय मोडला असं मात्र नाही. ओरडणं वेगळं आणि रागावणं वेगळं. मला राग आला की मी गप्प बसतो. तसा मी अजून एकदाही बसलेलो नाही.

शनिवार, ता. ४ फेब्रुवारी.

सापडलं! लॅम्पच्या बुडाशी बारा भोकं आहेत. एक नाही, दोन नाहीत, बारा! ओळीनं, मापानं, मुद्दाम पाडलेली. आणि म्हणे विलायती कारागीर. वाऱ्याला बारा दरवाजे उघडे ठेवून वर पुन्हा पितळेला पॉलिश. तळपायाची आग मस्तकात गेली. कचेरीतली लाख आणून बाराही भोकं पक्की सीलबंद केली. लाख सरकारी, पण लॅम्पही सरकारी नोकराचाच.

ट्रायल. पाच अंकांत विझला.

पाच! विसावरून पाचावर! आता वारा कुठल्या वाटेनं येत असेल, याचा विचार करून डोकं फुटायची वेळ आली. सहदेव मध्येच बोलला, मालक, वरचा भोक मोकळा करा, जीव घुसमटतो त्याचा. दिव्याचा जीव! असा कडाडलो, की ड्यूकनं दोन पावलं मागे घेतली.

हिनं सहदेवाला आत बोलावलं. दहा मिनिटांनी बाहेर आला तो तोंडात गुळपोळीचा घास. म्हणाला, मालक, तुमचाच बरोबर हाय, सगला दोष वाऱ्याचा. माणसाला धाकात ठेवलं की बरोबर समजतं.

मंगळवार, ता. १४ फेब्रुवारी.

माघ लागला. कचेरी सुटल्याबरोबर निघालो. डोक्याला नवा रुमाल, जरीचा. घरात सांगितलं की सरकारी काम आहे. हिनं फक्त बरं म्हटलं.

लॅम्प गल्लीच्या तोंडाशी विझला. सहदेवाला हुकूम, दार उघडं ठेवून हाक. उघड्या दारातून वारा शिरला आणि पुन्हा विझला. म्हणजे दार उघडं असलं तरी विझतो आणि बंद असलं तरी विझतो. असल्या हलकट वस्तूशी माझी आजवर गाठ पडलेली नाही.

गावाच्या वेशीवर शिपायानं अडवलं. दिवेलागणीनंतर बिनदिव्याची गाडी पुढे नेता येणार नाही. मी गाडीतूनच सांगितलं, की हा रूल गेल्या साली मी स्वतःच्या अक्षरात फेअर केलाय. तो म्हणाला, मग रावसाहेबांना पाठच असेल. वर सुचवतो काय, तर गाडीला एक कंदील टांगा. कंदील! विलायती गाडीला! मी काय भाताची पोती घेऊन निघालो होतो?

परत फिरलो. घरी पोहोचलो तर पाय धुवायला कढत पाणी तयार आणि कढईत कांद्याची भजी. मी नऊच्या आत येणार नाही असं बजावून गेलो होतो, आलो साडेसातला. हिला कसं कळलं, कळत नाही. भजी चांगली होती. रागातच खाल्ली.

रविवार, ता. १९ फेब्रुवारी. रथसप्तमी.

आज घरी हळदीकुंकू. आळीतल्या बायका आल्या आणि जाताना एकेक करून पडवीत गेल्या. पाहतो तर गाडीला हळदीकुंकू वाहताहेत. मला बरं वाटलं. नवऱ्यांना जी किंमत कळत नाही ती बायकांना कळते.

नंतर जवळ जाऊन पाहिलं. हळदीकुंकू चाकांना नाही, आसनाला नाही, फक्त लॅम्पला. त्यातही फक्त धुराड्याला. उत्तरानं तर त्याच्यापुढे हात जोडले होते. शेजारच्या गंगुबाईंनी, वय वर्षं सत्तर, धुराड्याला कान लावला आणि म्हणाल्या, आहे गं बाई, आत हालचाल आहे. सगळ्या बायका उत्तराकडे पाहून हसल्या. मी समजावून सांगितलं, की ती टाकीतल्या घासलेटची हालचाल. कुणी ऐकून घेतलं नाही. बायकांना यंत्र कळत नाही, हेच खरं.

रविवार, ता. २६ फेब्रुवारी.

आता तज्ज्ञ माणूसच हवा. सकाळच्या आगगाडीनं ठाण्यास गेलो आणि कोपरीच्या धोंडीबाला घेऊन आलो. पत्र्याचं आणि दिव्याचं काम करतो, साहेबलोकांच्या बंगल्यांतून त्याला बोलावणी येतात.

धोंडीबानं लॅम्प वरून पाहिला, खालून पाहिला आणि जमिनीवर बसून पोट धरधरून हसला. मी वाट पाहिली. मग त्यानं विचारलं, ही लाख कुणी भरली? मी सांगितलं, आधीच्या मालकानं. यात खोटं काही नाही. लाख सरकारी होती आणि आधीचा मालकही सरकारी होता. तर धोंडीबा म्हणतो, रावसाहेब, खालनं वारा आत आला पाहिजे आणि वरनं धूर बाहेर गेला पाहिजे, तेव्हा कुठं ज्योत जगते. तुम्ही दोन्हीकडनं तिचा गळा दाबलाय. पाव घटकेचं काम आहे, वरची माती काढतो.

मी म्हटलं, वाऱ्यानं दिवा विझतो हे रांगत्या पोराला कळतं, आणि तू म्हणतोस वारा आत घ्या? कसला रे तू कारागीर! तो हत्यार काढू लागला तेवढ्यात हिनं त्याला पोहे खायला आत बोलावलं.

बराच वेळ आत होता. बाहेर आला तो मिशीला खोबरं. डोळे पाण्यानं भरलेले. हिच्या हातची मिरची तिखटच. म्हणाला, रावसाहेब, ठाण्याचा वारा वेगळा, कल्याणचा वेगळा. हे काम माझ्या हाताबाहेरचं. जाताना लॅम्पला नमस्कार करून गेला.

निदान चूक कबूल करण्याइतका प्रामाणिक निघाला.

बुधवार, ता. २९ फेब्रुवारी.

विश्रामपंतांचं पत्र. ठाण्याचं एक घर मुलीसाठी फार मागे लागलं आहे. येत्या शुक्रवारी दिवेलागणीपर्यंत माझी वाट पाहतील, नंतर शब्द देऊन मोकळे होतील.

म्हणजे परवा. हा लॅम्प परवा जळलाच पाहिजे. जळला नाही तर माझ्या घराण्याचं नाव माझ्या नातवाबरोबर, म्हणजे जो नाही त्याच्याबरोबर, संपलं. हे मोठ्यानं म्हणून, नीट, ठळक अक्षरात लिहिलं.

लिहून होतंय तोच उत्तरा ओसरीवर आली. लॅम्पसाठी नवी वात वळून आणली होती. आठ वर्षांत पहिल्यांदा तिनं मला आपण होऊन काही विचारलं. म्हणाली, मामंजी, शहाड किती लांब आहे? मी म्हटलं, दीडेक कोस. ती म्हणाली, फार लांब नाही मग. आणि आत गेली. तिला भूगोलाची आवड दिसते.

ती गेल्यावर पुढचं वाक्य तीनदा लिहिलं, तीनदा खोडलं. अक्षर धूसर दिसत होतं. घासलेटचा धूर, दुसरं काय! आता हे घासलेट बदललंच पाहिजे.

शनिवार, ता. ३ मार्च. सकाळ.

काल शुक्रवार. सगळं लिहितो, म्हणजे कुणाचा किती दोष ते कळेल.

दोष क्रमांक एक, शिपाई. तो वेशीवर उभा असणार म्हणून मी शेतातली वाट धरायला लावली. दोष दुसरा, सहदेव. मालक, या वाटेनं काळोखात गाडी नेऊ नका, असं त्यानं एकदाच सांगितलं. गाढवानं दोनदा सांगायला काय हरकत होती? दोष तिसरा, लॅम्प. तीन अंक. मी मोजत होतो. एक, दोन, तीन, आणि काळोख. मी आतून ओरडलो, तसाच हाक. दोष चौथा, ड्यूक. तो हाकला गेला.

उजवं चाक बांधावरून घसरलं. गाडी कलली आणि मी वालाच्या मळ्यात, पाटाच्या पाण्यात. घोड्याला काही नाही, सहदेवाला काही नाही, गाडीला काही नाही, लॅम्पला तर ओरखडादेखील नाही. फक्त मी.

उरलेली वाट पायी गेलो. एक जोडा चिखलात राहिला. शहाडात विश्रामपंतांच्या अंगणात दिव्याच्या चार काचेच्या हंड्या लावलेल्या, लख्ख उजेड. सहदेव मागून म्हणाला, बगा मालक, वर मोकली हाय ना हंडी, म्हणून जलते. मी लक्ष दिलं नाही. अंगणात ठाण्याची माणसं बसलेली. साखरपुडा उरकला होता. विश्रामपंत म्हणाले, अहो, तासभर ओटीवर उभा राहून रस्त्याकडे बघत होतो. लॅम्प काही दिसला नाही. म्हटलं, तुमचा विचार फिरला.

त्यांनी माझ्या हातावर साखर ठेवली. सगळे बघत होते. माझ्या रुमालावरून वालाचा वेल लोंबत होता. मी साखर खाल्ली. करणार काय?

शनिवार, ता. ३ मार्च. संध्याकाळ.

कचेरीत गेलो नाही. दुपारभर गप्प बसून होतो. पहिल्या निश्चयापासून आज पहिल्यांदा मला खरोखर राग आला होता.

चारच्या सुमारास पहार घेतली आणि पडवीत गेलो. लॅम्पला मोठ्यानं सांगितलं, तुझी शंभर वर्षं भरली. पहार उचलली.

ही मध्ये येऊन उभी राहिली. दोन्ही हात पसरून. तीस वर्षांच्या संसारात ही माझ्यापुढे अशी कधी उभी राहिलेली नाही. म्हणाली, मारायचं तर आधी मला मारा. मग जे बोलायला लागली ते थांबेचना. म्हणाली, पहिल्या दिवसापासून आम्हाला सगळं ठाऊक आहे. रोज ओसरीवर बसून शब्दन् शब्द ओरडून लिहिता. आम्ही काय भिंती आहोत? ती पोर रोज दाराआड उभी राहून ऐकत होती, की तिच्यावर सवत येणार, अमुक दिवशी, अमुक वाजता, अमक्या लॅम्पच्या उजेडात. रात्री ऐकायची आणि सकाळी तुमच्या ताटात गरम भाकरी वाढायची. सहदेवाला कळलं, त्या ठाण्याच्या परक्या माणसाला कळलं, त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. तुम्हाला एकट्याला कळलं नाही. मोडा कुंभारणीचं घर. पण आधी एवढं ऐका. उत्तराला तिसरा महिना लागलाय.

मी विचारलं, कुणाला?

हा प्रश्न मी का विचारला, मला माहीत नाही.

आनंद खांबाला टेकून उभा होता. एवढंच म्हणाला, अण्णा, तुम्ही विचारलं असतं तर मी नाहीच म्हणालो असतो. पहार फार जड होती, ती मी खाली ठेवली.

हिनं मला आत बोलावलं. शिरा केला होता, केळं घालून. उत्तरानं वाढला. पानाशी वाकली तेव्हा मी पाहिलं, तिचे डोळे आजचे नव्हते, कित्येक दिवसांचे सुजलेले होते. मी खाल्ला. पुन्हा मागून घेतला.

बाहेर आलो तर सहदेव लॅम्पपाशी वाट पाहत उभा. माझ्या तोंडात घास होता. मी म्हटलं, लॅम्प ठीक आहे. सगळा दोष वाऱ्याचा.

रविवार, ता. ४ मार्च.

आज ओठ मिटून लिहितो आहे. अक्षर गिचमिड येतंय. कचेरीत असं अक्षर कुणी आणलं असतं तर मी कागद फाडून टाकला असता.

खूप विचार केला. माझ्या असं लक्षात येतंय की शहाडला मी मनातून जायलाच तयार नव्हतो. नाहीतर माझ्यासारख्या माणसाला एक लॅम्प दुरुस्त करता आला नसता? आतून माझी सुधारक मतंच मला मागे ओढत असणार.

हे वाचून पाहिलं. खोटं वाटतं.

खाली दोन शब्द लिहिले: माझं चुकलं. तेवढे मोठ्यानं म्हणून लिहिले. नीट ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. आत भांड्यांचा आवाज थांबला. मग उत्तराच्या बांगड्या वाजल्या, आणि पुन्हा भांडी सुरू झाली.

रविवार, ता. ८ एप्रिल.

कुंभारणीची पिल्लं उडून गेली. मातीच्या घराला मुगाएवढं भोक पडलंय. सहदेव म्हणाला, आता रिकामाच हाय, पाडू का? असा ओरडलो, की शेजारचे भाऊ गच्चीवर आले. पाळणा हलेपर्यंत त्या लॅम्पला जो हात लावील त्याचा हात जागेवर राहणार नाही. बायकांच्या समजुतीखातर म्हणतोय मी. माझा स्वतःचा विश्वास नाही. बुडाची लाख मात्र खरवडून काढली. लाख सरकारी आहे, परत करावी म्हटलं.

आज उत्तराला चार दिवस माहेरी, ठाण्यास, पाठवायचं होतं. आगगाडी संध्याकाळी सातची. स्टेशनापर्यंत पायी नेऊ नका, ही म्हणाली. म्हणजे घोडागाडी. आणि दिवेलागणीनंतर बिनदिव्याची गाडी रस्त्यावर काढता येत नाही. रूल माझ्याच अक्षरातला. शेवटी कंदील आणला. तो ड्याशबोर्डावर टांगला तर हिंदकळून धुराड्यावर आपटेल, सहदेवाच्या हाती द्यावा तर त्याच्या हातात लगाम. आनंद आत उत्तराजवळ बसलेला, त्याला उठवावंसं वाटलं नाही.

म्हणून मी पुढे. जरीचा रुमाल, हातात कंदील, मागे माझी विलायती गाडी.

बाजारपेठेतून गेलो. लोक दुकानांतून बाहेर येऊन बघत होते. एकदोघांना सांगितलं, की विलायतेत असंच असतं, घरातला कर्ता माणूस पुढे चालतो. वेशीवरच्या शिपायानं सलाम ठोकला, पण दात दिसत होते. पाठीमागे गाडीत उत्तरा हसली. आठ वर्षांत मी तिचं हसणं ऐकलंच नव्हतं. आनंदही हसत होता. माझ्यावरच हसत असणार. मला राग यायला हवा होता. मी वाट पाहिली, पण आला नाही. कंदील आणखी उंच धरला.

जरा पुढे गेल्यावर सहदेवानं हाक मारली. म्हणाला, मालक, जरा बाजूनं चाला. तुमच्या पाठीमुळं गोंद्याला उजेडच दिसत नाय.